डब्ल्यू संपलं की येते

आई पहिल्यांदा पडली तेव्हा मी 'एम'मध्ये होते. मोरीच्या उंबऱ्यात पाय अडकून तिचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरहून धाकट्या बहिणीचा, वंदनाचा, फोन आला. मी तिला म्हटलं, "हे एम संपलं की येते." पुढे 'पी'त आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मात्र मी धावत जाऊन तीन आठवडे राहून आले. 'एस' इतकं अवाढव्य होतं की मधे एकदाच डोकावता आलं. आणि मग मी वंदनाला जे सांगायला लागले ते आमच्या घरात अजूनही माझ्या तोंडावर फेकलं जातं: "डब्ल्यू संपलं की येते."

बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटणार, म्हणून आधी धंदा सांगते. शिकागोतल्या एका लहानशा कोशघरात मी सत्तावीस वर्षं व्युत्पत्ती विभागात काम केलं. इंग्रजी शब्दकोश. शब्दकोश एकदा तयार झाला की झाला, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. झेडपर्यंत पोचलं की पुन्हा एपासून तपासायला घ्यायचं, कारण मधल्या काळात शब्द हललेले असतात आणि विद्वानांची मतंही. एका फेरीला वीसेक वर्षं लागतात. त्यामुळे आमच्याकडे साल कुणाच्या लक्षात राहत नाही, अक्षर राहतं. आमच्या विभागप्रमुख मार्गारेटबाईंचा नवरा घर सोडून गेला तो 'जी'त. मी अमेरिकेची नागरिक झाले 'एच'मध्ये. ऑफिसात कुणी "ते कधीचं गं?" विचारलं की "अगं, आरच्या सुरुवातीचं" असं उत्तर यायचं आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

व्युत्पत्तीवाल्याचं काम म्हणजे शब्द कुठून आला ते सांगायचं. खरं म्हणजे कितपत सांगता येतं ते सांगायचं. आमच्याकडे शंकेच्या ठरलेल्या पायऱ्या होत्या. पुरावा पक्का असेल तर नुसतं विधान. थोडा कमी असेल तर 'बहुधा'. त्याहून कमी असेल तर 'कदाचित'. आणि काहीच हाती लागलं नाही तर 'मूळ अज्ञात'. बहुधा आणि कदाचित यांच्यामध्ये बाहेरच्या जगात फारसं अंतर नाही. आमच्याकडे त्या एका पायरीवरून माणसं महिना-महिना एकमेकांशी बोलत नसत. मार्गारेटबाई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "आपल्याला पगार मिळतो तो 'माहीत नाही' म्हणण्याचा. फुकटात कुणी ते म्हणायला तयार नसतं."

दुसरा नियम पत्रांचा. शब्दकोशाला वाचकांची पत्रं येतात, ईमेलच्या काळातही येतात. एक गृहस्थ दर वर्षी आपलं आडनाव क्रियापद म्हणून कोशात घ्या म्हणून कळवायचे. सोबत त्या वर्षी त्यांनी स्वतःच ते कुठे कुठे वापरलं त्याची यादी. एका बाईंनी आपल्या वारलेल्या नवऱ्यानं घरात रूढ केलेले चाळीस शब्द पाठवले होते. त्यातला एक, कढईच्या तळाशी लागलेल्या खरपुडीचा, मला अजून आठवतो आणि मी तो एकटीनं वापरतेही. तर नियम असा, की प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, ते ज्याच्याकडे तो शब्द असेल त्यानं द्यायचं, आणि उत्तरात शंकेची पायरी कोशात असेल तीच ठेवायची. कोशात कदाचित असेल तर पत्रातही कदाचित. वाचकाचा चेहरा पडेल म्हणून बहुधा लिहायचं नाही.

हा नियम मी नोकरीत एकदाच मोडला. तो कसा मोडला आणि त्यातून काय झालं, तेवढंच मला इथे सांगायचंय.

मी या धंद्यात आले कशी, हे मात्र थोडं सांगावं लागेल. माझे वडील नागपूरच्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात होते. शाळेत असताना मी रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात पाली शिकायला जायचे. तिथे 'वार' हा शब्द पहिल्यांदा मला उलगडून दाखवला गेला. वार म्हणजे पाळी, एखाद्याची यायची वेळ. सोमवार म्हणजे सोमाची पाळी, मंगळवार मंगळाची. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "मग यात नवीन काय आहे? तुझ्या बाबाची पाळी बदलली की मले आठवडा बदललेला समजते." गिरणीत दर आठवड्याला पाळी बदलायची. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी. घरातलं जेवण, झोप, आमचं ओरडणं आणि गप्प बसणं सगळं त्यावर चालायचं. भिंतीवरचं कॅलेंडर फक्त शाळेच्या कामाचं होतं.

बाबांच्या खात्यातली एक रीत आम्हाला तोंडपाठ होती, कारण ती ते घरीही पाळायचे. पाळी बदलताना साचा, म्हणजे कापड विणायचं यंत्र, बंद करत नसत. येणारा माणूस चालत्या साच्यावर हात ठेवायचा, आणि तो ठेवल्यावरच जाणारा आपला हात काढायचा. बोलायचं काही नाही. एवढ्या आवाजात ऐकू काय येणार? वंदना पाळण्यात होती तेव्हा बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन पाळण्याच्या दोरीवर तसाच हात ठेवायचे, मग आई दोरी सोडायची. गिरणीतलं दुसरं मात्र मला कळायचं नाही. हात काढल्यावर बाबा लगेच निघत नसत. साच्याजवळ रिकाम्या हातानं थोडा वेळ उभे राहत, धोटा चार वेळा इकडून तिकडे गेलेला बघत, मग वळत. त्यांचे सोबती त्यावरून त्यांची चेष्टा करत. मी एकदा विचारलं, पाळी संपली तर थांबता कशाला? ते म्हणाले, "पाळी संपली म्हणून का साचा परका होते, बेटा?"

आता डब्ल्यू. डब्ल्यूमध्ये 'वीक', म्हणजे आठवडा, येतो, आणि तो माझ्या वाट्याला आला होता. शब्द साधा दिसतो, पण त्याचं गोत्र मोठं आहे. जर्मन, डच, स्वीडिश सगळ्यांकडे त्याचे भाऊबंद आहेत, आणि त्यात सगळ्यात चेहरामोहरा बदललेला भाऊ म्हणजे डॅनिश. डॅनिश लोक आठवड्याला 'उगे' लिहितात आणि 'ऊए' असं काहीतरी म्हणतात. वीकचा आणि त्याचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे डॅनिशच्या आजीत, तो 'विका' होता. डॅनिशमध्ये पुढचा स्वर ओठ गोल करून उच्चारला जाऊ लागला आणि त्या गोल ओठांपुढचा व गळून पडला. लांडग्याच्या आणि लोकरीच्या डॅनिश शब्दांचंही तेच झालंय. राहिला उका, त्याचा झाला उगे.

मूळ अर्थ त्याहून मजेचा. या शब्दाच्या मुळाशी सात दिवस नाहीत. मुळाशी आहे वळण, बदल, एकानं बाजूला होऊन दुसऱ्याला जागा देणं. गॉथिक नावाच्या मेलेल्या भाषेत तो एकदाच सापडतो, आणि तिथे तो देवळातल्या पुजाऱ्याच्या सेवेच्या पाळीसाठी वापरलाय. आणि जुन्या नॉर्समध्ये विका म्हणजे आठवडा तसंच समुद्रावरचं एक अंतरही. डॅनिशमध्येही समुद्राचं असं एक जुनं माप होतं आणि त्याच्या नावात उगे होता. समुद्रातल्या अंतराला आठवड्याचं नाव का? यावर एक मत असं, की वल्हवणारे थकले की दुसरे त्यांच्या जागी बसत, आणि एका पाळीत जेवढं पाणी कापलं जाई तेवढा तो उगे.

मला हे मत बघताक्षणी पटलं. आमच्या मराठीनं आठवड्याच्या नावात आठ घातला आणि दिवस सात ठेवले, ते आपलं आपल्याला माहीत. पण आठवडा म्हणजे पाळी हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. मी नोंदीत लिहिलं: बहुधा वल्हवणाऱ्यांच्या पाळीवरून. मार्गारेटबाईंनी ते कापून कदाचित केलं. मी पुन्हा बहुधा केलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला बोलावून घेतलं.

"वल्हवणारे बदलत होते असं स्पष्ट सांगणारा एक तरी जुना उतारा तुझ्याकडे आहे?"

"नाही. पण आठवडा आणि पाळी या दोन कल्पना किती जवळ असतात हे मी पाहिलंय. माझ्या वडिलांच्या गिरणीत..."

"सुनंदा, तुझे वडील पुरावा नाहीत."

बाई बरोबर होत्या, त्यामुळे मला जास्तच राग आला. नोंदीवर कदाचित राहिलं.

त्याच सुमारास ते पत्र आलं. पिवळ्या रेघी कागदावर, पेननं लिहिलेलं. पाकिटावर पत्ता होता, 'आठवड्यांच्या प्रमुखांस'. लिहिणारे आल्फ्रेड मॉर्टेन्सन, इथून दीड तासावरच्या रसीन गावचे. त्या गावात डॅनिश लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांनी लिहिलं होतं, 'माझे आजोबा लहानपणी डेन्मार्कहून आले. ते सांगायचे की आमचा उगे हा शब्द वल्हवणाऱ्यांचा आहे. एक थकला की दुसऱ्यानं बसायचं, तोवरचं अंतर म्हणजे उगे. हे खरं आहे, की आम्हा नातवंडांना वल्हवायला लावायला त्यांनी रचलं? माझी बायको एलन तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिची बहीण डॉरोथी तिचं सगळं करते आणि मला करू देत नाही. मदतीला बाई ठेवून आम्ही आठवडा-आठवडा वाटून घ्यावा असं मी म्हणतो. डॉक्टरांनी डॉरोथीला उचलाउचल बंद करायला सांगितलीय, तिचं हृदय दुबळं आहे. ती म्हणते, मी सोडलं तर मी पळून गेले असं होईल. मी तिला आजोबांचं सांगितलं. ती म्हणते, कोशवाले म्हणाले तर मानेन.'

मी पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर लिहिलं. 'बहुधा, हो. आपले आजोबा बरोबर असावेत.' खाली सही केली आणि मार्गारेटबाईंना न दाखवता टपालात टाकलं.

आठवड्याभरात मॉर्टेन्सनांचा फोन आला. डॉरोथी तयार झाली होती, येत्या सोमवारी पहिली पाळी बदलायची होती. "तुम्ही या," ते म्हणाले. "आमच्याकडे क्रिंगल, आमचा डॅनिश गोड पाव, फार छान मिळतो. डॉरोथीला तुम्हाला बघायचंय. कोशात माणसं असतात यावर तिचा विश्वास नाही."

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, वंदनाचाही फोन होता. तिच्याकडे संध्याकाळ. मागे आईचा घशातला खरखर आवाज येत होता.

"ताई, येऊन राहिली का?"

"अगं, डब्ल्यू अर्ध्यावर आहे. त्यानंतर एक्स, वाय, झेड म्हणजे काहीच नाही. डब्ल्यू संपलं की येते, चांगली सहा महिने राहते."

वंदनानं विचारलं, "डब्ल्यू केवढं असते?"

ती चिडून बोलली असती तर मी चिडले असते. तिनं खरंच विचारलं होतं. नऊ वर्षं ती आईचं न्हाणंमाखणं, कूस बदलणं, चमच्यानं भरवणं सगळं करत होती. त्यासाठी तिनं शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली होती. तिला आता फक्त अक्षराची लांबी हवी होती.

सोमवारी सुट्टी टाकून मी रसीनला ड्राइव्ह करत गेले. तोंडानं म्हणायला क्रिंगल खायला, पण मनात डाचत होतं की मी त्या माणसाला खोटी पायरी दिलीय. दार मॉर्टेन्सनांनी उघडलं. उंच, वाकलेले, स्वेटरच्या बाहीला पीठ लागलेलं. आतल्या खोलीत एलन पलंगावर, आणि तिच्या उशाशी डॉरोथी. अठ्ठ्याहत्तरीची, बुटकी, आणि माझ्याकडे सरळ बघणारी.

"तुम्ही आठवड्यांच्या प्रमुख?"

"प्रमुख दुसऱ्या बाई आहेत," मी म्हटलं. "आणि मला तेच सांगायचंय. मी तुम्हाला बहुधा लिहिलं. आमच्या कोशात कदाचित आहे. वल्हवणाऱ्यांचा पक्का पुरावा आमच्याकडे नाही. मी नियम सोडून लिहिलं."

मॉर्टेन्सनांचा चेहरा उतरला. डॉरोथीनं बहिणीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "मग मी का उठू?" तिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही नोंदीत नव्हतं. मी तिला बाबांच्या साच्याचं सांगितलं. येणारा हात ठेवतो, मग जाणारा काढतो. साचा थांबत नाही आणि पळून कुणी जात नाही. पुरावा म्हणून हे चालत नाही, हेही सांगितलं. पण पाळी संपवण्यात लाज असते असं मी गिरणीत कधी पाहिलं नाही. दुसऱ्याची वेळ झाली तरी न सोडणाऱ्या माणसाला तिथे कुणी भलं म्हणायचं नाही, येणाऱ्याला तो कमी लेखतोय असंच समजायचे.

डॉरोथीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे. नागपूरला. अंथरुणावर."

"तिच्याजवळ कोण?"

"धाकटी बहीण."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

"आणि तुझी पाळी कधी?"

मी म्हटलं, "डब्ल्यूनंतर." आणि ते इंग्रजीत म्हणताना मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय बोलतेय. डॉरोथी हसली नाही. मॉर्टेन्सन खिडकीकडे बघत होते.

थोड्या वेळानं ते पलंगाजवळ गेले आणि त्यांनी एलनच्या उशीवर हात ठेवला. डॉरोथीनं आपला काढला. ती उठली, पण घरी गेली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर. मॉर्टेन्सन म्हणाले, "डॉरोथी, आता घरी जाऊन झोप ना." ती म्हणाली, "जाईन." मी निघाले तेव्हाही ती तिथेच होती. मी क्रिंगलचा डबा घेऊन गाडीत बसले आणि एवढंच मनात आलं, की बिचारीला सवय झालीय.

दुसऱ्या दिवशी मी मार्गारेटबाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. पत्रात पायरी बदलल्याची, आणि मी डब्ल्यू अर्ध्यावर सोडून जातेय याची. अर्धवट नोंदी सोडून जाणं आमच्याकडे मोठा गुन्हा. प्रत्येक नोंदीवर आद्याक्षरं घातल्याशिवाय टेबल सोडायचं नाही असा दंडक. बाई बराच वेळ पेन्सिलला टोक करत राहिल्या.

"पत्राबद्दल मी रागावलेय," त्या म्हणाल्या. "ते नंतर बघू. डब्ल्यूच्या फायली कुठे आहेत?"

"माझ्या टेबलावर."

"तिथेच असू देत. मी तुझ्या टेबलावर येऊन बसते." आणि दाराशी जाऊन वळल्या. "वीकवर मी कदाचितच ठेवणार आहे."

मी म्हटलं, ठेवा.

नागपूरच्या घरी पोचले तेव्हा वंदना आईला पेज भरवत होती. तिचे केस सगळे पिकले होते. व्हिडिओवर तेवढे दिसले नव्हते. मी हातपाय धुतले, तिच्या शेजारी बसले आणि वाटीवर हात ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटी सोडली. उठून आतल्या खोलीत गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली.

आईनं मला ओळखलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती ओळखणार नाही अशी मनाची तयारी करूनच मी विमानात बसले होते. अर्ध्या जिभेनं ती म्हणाली, "झालं का काम?" मी म्हटलं, झालं. आयुष्यात तिच्याशी बोललेलं ते एक खोटं.

पाळी मी मन लावून केली. पाठ पुसायची, पावडर लावायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज फार पातळ करायची नाही नाहीतर ठसका लागतो, हे सगळं वंदनाकडून शिकले. वंदना मात्र खोलीतून हलेना. मी आईजवळ बसले की ती दाराला टेकून उभी. काही सांगायचं नाही, काही करायचं नाही, नुसती उभी. मला ते देखरेखीसारखं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "वंदे, तू जा ना गं वर्ध्याला लेकीकडे. नऊ वर्षांत एक रात्र बाहेर राहिली नाहीस. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही."

"मग काय?"

तिला सांगता आलं नाही, आणि मला थांबायचं सुचलं नाही. मी तिची पिशवी भरली. रिक्षा बोलावली. "मी आहे ना आता," असं मोठ्या तोंडानं म्हटलं. ती गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मी कूस बदलून उशी नीट करत असताना, आईचा श्वास लांबला आणि पुढचा आलाच नाही. काही धावपळ करायलाही वेळ मिळाला नाही. मी वर्ध्याला फोन केला.

वंदना आली तेव्हा विहारातली माणसं जमली होती. ती आईच्या पायांशी बसली. त्रिशरण, पंचशील झालं. सगळं आटोपून माणसं पांगल्यावर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"नऊ वर्षं मी बसली, ताई. अन् ती तुझ्या पाळीत गेली. मले नुसतं तिथं उभं राहू द्यायचं होतं नं."

मला तेव्हा डॉरोथी आठवली, खिडकीजवळ हात मांडीवर घेऊन बसलेली. आणि बाबा, चालत्या साच्याजवळ रिकाम्या हातानं उभे. जन्मभर मी शब्दांची मुळं शोधली, आणि माझ्या घरातल्या या रीतीचा निम्माच भाग मला कळला होता. हात ठेवायचा तेवढं मी शिकले. हात काढलेल्या माणसाला तिथे उभं राहू द्यायचं असतं, हे बाबांनी सांगूनही मी शिकले नव्हते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे." ही गोष्ट असू देण्यासारखी नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

मी परत आले तेव्हा मार्गारेटबाईंनी 'वाय'पर्यंत मजल मारली होती. डब्ल्यूच्या माझ्या सगळ्या नोंदींवर त्यांची आद्याक्षरं होती, माझ्या आद्याक्षरांसाठी शेजारी जागा सोडून. वीकवर कदाचित होतं. मी त्याखाली सही केली. आमचा कोश आता ऑनलाइन आहे, तिथे ती ओळ कुणालाही दिसेल. मॉर्टेन्सनांचं पुढे एकच पत्र आलं. डॉरोथीची तब्येत सुधारली होती आणि तिच्या सुट्टीच्या आठवड्यात ती रोज दुपारी येऊन खिडकीत बसत होती. त्यांनी विचारलं होतं, याला तुमच्याकडे काही शब्द आहे का? मी प्रामाणिकपणे लिहिलं, माहीत नाही.

झेड संपलं आणि मी निवृत्त झाले. मधली दोन-तीन वर्षं वंदना आणि मी फोनवर हवापाण्याचं, गुडघ्यांचं बोलत होतो. आईचं नाव दोघीही टाळत होतो. मागच्या रविवारी तिनं आपणहून विचारलं.

"ताई, तुझी अक्षरं संपली नं सगळी?"

"संपली."

"मग ये नं."

"का गं, बरी आहेस ना? काही करायचंय का? काय काम आहे?"

"काम कशाले पाहिजे?" वंदना म्हणाली. "आईच्या खोलीत बसू दोघी. नुसतं."

मंगळवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन नागपूरचं तिकीट काढून आले.